यामातो पुन्हा निघते तेव्हा

जपानी अ‍ॅनिमे म्हणजे मुलांची करमणूक, ही समजूत आपल्याकडे आता बरीच सैल झाली आहे. तरीही समीक्षेच्या घरात या प्रकाराला अजून ओसरीवरच बसवले जाते. त्यामुळे एका जुन्या अंतराळमालिकेच्या पुनर्निर्मितीवरून तिच्या चाहत्यांमध्ये जो वाद झाला, तो इथे विचारासाठी घेण्याजोगा आहे का, असे काही वाचक विचारतील. आमच्या मते तो अवश्य घ्यावा. वरवर पाहता हा वाद गाणे, गणवेश, जहाजाची लांबी अशा तपशिलांचा आहे. परंतु त्याच्या तळाशी एक गंभीर प्रश्न आहे : एका पराभूत राष्ट्राने आपल्या युद्धाची आठवण कोणत्या रूपात पुढच्या पिढीच्या हाती द्यावी?

मालिकेचे नाव ‘उचू सेन्कान यामातो’, म्हणजे ‘अंतराळ युद्धनौका यामातो’. ६ ऑक्टोबर १९७४ रोजी ती जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. योशिनोबु निशिझाकी हे तिचे निर्माते. लेइजी मात्सुमोतो यांनी तिला दृश्यरूप दिले आणि दिग्दर्शनही केले. कथा इसवी सन २१९९ मधली. गामिलास नावाच्या ग्रहावरचे साम्राज्य पृथ्वीवर किरणोत्सर्गी अशनींचा मारा करते आहे. समुद्र आटले आहेत, माणसे भूगर्भात राहत आहेत आणि मानवजातीच्या हाती जेमतेम एक वर्ष उरले आहे. इस्कंदार या दूरच्या ग्रहावरून स्टार्शा नावाची राणी निरोप धाडते : इथवर या, पृथ्वी शुद्ध करणारे यंत्र देते. अंतर १,४८,००० प्रकाशवर्षे. या प्रवासाला निघते ती ‘यामातो’. दुसऱ्या महायुद्धात समुद्रतळाशी गेलेल्या खऱ्या युद्धनौकेच्या सांगाड्यातून पुन्हा उभी केलेली.

ही खरी यामातो ७ एप्रिल १९४५ रोजी बुडाली. ओकिनावाकडे निघालेली तिची ती मोहीम परतीची आशा सोडूनच आखलेली होती. अमेरिकी विमानांच्या हल्ल्यात जहाजाबरोबर सुमारे तीन हजार माणसे गेली. तीस वर्षांच्या आत त्याच नावाचे जहाज दूरचित्रवाणीच्या पडद्यावर समुद्रतळाच्या चिखलातून वर उठते, आणि या वेळी ते मरायला निघालेले नसून साऱ्या पृथ्वीचे प्राण आणायला निघालेले असते. त्या वेळच्या जपानी प्रेक्षकाच्या मनात या दृश्याने काय हलवले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. हरलेल्या युद्धाचे सर्वांत भव्य आणि सर्वांत निष्फळ प्रतीक इथे मुक्तीच्या कामी लावलेले होते.

गंमत अशी की मूळ प्रक्षेपणाच्या वेळी मालिका फारशी पाहिली गेली नाही. त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर इसाओ ताकाहाता यांची ‘हायडी’ चालू होती, आणि आल्प्स पर्वतातल्या त्या मुलीपुढे अंतराळनौकेचा निभाव लागला नाही. ३९ भागांचा बेत २६ भागांवर आटोपावा लागला. पुनःप्रक्षेपणांतून मात्र चाहते वाढत गेले. १९७७ च्या ऑगस्टमध्ये मालिकेची काटछाट करून बनवलेला चित्रपट लागला, तेव्हा तरुणांनी चित्रपटगृहांबाहेर आदल्या रात्रीपासून रांगा लावल्या. १९७८ मध्ये ‘अ‍ॅनिमेज’ हे मासिक निघाले. त्याच्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर यामातोच होती. अ‍ॅनिमेचा जाणता, संघटित, हट्टी असा जो चाहतावर्ग पुढे जगभर पसरला, त्याच्या जन्मकथेत या मालिकेचे स्थान फार वरचे आहे. तेव्हा तिच्या पुनर्निर्मितीवर उमटलेल्या प्रतिक्रिया या एका अर्थाने चाहतेपणाच्या मूळ पुरुषांच्या प्रतिक्रिया होत.

युताका इझुबुची दिग्दर्शित ‘यामातो २१९९’चे पहिले प्रकरण ७ एप्रिल २०१२ रोजी चित्रपटगृहांत दाखवले गेले आणि बरोबर एक वर्षाने, ७ एप्रिल २०१३ पासून, सर्व २६ भागांचे दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण सुरू झाले. दोन्ही तारखा खऱ्या यामातोच्या बुडण्याच्या दिवसाशी जुळतात. इझुबुची यांचा जन्म १९५८ चा. म्हणजे मूळ मालिका लागली तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. शीर्षकदृश्याची आखणी हिदेआकी आन्नो यांची. त्यांचेही यामातोप्रेम सर्वश्रुत आहे. संगीत अकिरा मियागावा यांचे. मूळ संगीतकार हिरोशी मियागावा यांचे ते पुत्र. वडिलांच्या बऱ्याच स्वरलिपी हाती न लागल्याने जुनी ध्वनिमुद्रणे ऐकून त्यांनी ते संगीत पुन्हा कागदावर उतरवले. १९७८ च्या चित्रपटातला ऑर्गन त्यांनीच विद्यार्थिदशेत वाजवला होता. हे तपशील आम्ही मुद्दाम नोंदवतो आहोत. नवी कृती कोणा परक्या व्यापाऱ्याने जुन्या नावावर केलेली कमाई आहे, हा चाहत्यांचा नेहमीचा आरोप इथे लागू पडत नाही. ‘२१९९’ हीच मुळात एक चाहत्याची प्रतिक्रिया आहे : चाळीस वर्षे मनात घोळवलेली, आणि साधने हाती येताच कृतीत उतरवलेली.

म्हणूनच तिचे बव्हंशी प्रेमाने स्वागत झाले, यात नवल नाही. जुन्या चाहत्यांना सर्वांत भावले ते तिचे शंकानिरसन. मूळ मालिकेतल्या ज्या विसंगतींवर त्यांनी तरुणपणी रात्री जागवल्या होत्या, त्यांची उत्तरे इथे हौसेने दिलेली होती. मूळ जहाज २६५ मीटरांचे. त्यात विमानांचा ताफा, यंत्रशाळा, दवाखाना मावणार कसा? नवे जहाज ३३३ मीटरांचे झाले. एवढ्या मोठ्या मोहिमेला ११४ माणसे कशी पुरणार? संख्या ९९९ वर गेली. गामिलासी लोक पहिल्या काही भागांत माणसांसारख्या वर्णाचे आणि नंतर एकाएकी निळे कसे? यावरचा तोडगा तर खरोखर मार्मिक आहे. नव्या मालिकेत गामिलासी निळेच आहेत. पण त्यांच्या साम्राज्यात जिंकलेल्या ‘झाल्त्झी’ जमातीचे लोक दुय्यम नागरिक म्हणून राहतात आणि त्यांचा वर्ण पृथ्वीवरच्या माणसांसारखा आहे. रंगाच्या डब्यातली एक चूक अशा रीतीने साम्राज्यातल्या वर्णभेदाची कथा बनते. शुल्त्झ हा सेनानी १९७४ मध्ये केवळ एक पराभूत खलपात्र होता. आता तो आपली निष्ठा रोज सिद्ध करावी लागणारा परकीय प्रजाजन आहे, आणि घरी त्याची वाट पाहणारी मुलगीही आहे. भक्तीने केलेली दुरुस्ती सर्जनशील कशी होते, याचा हा उत्तम नमुना म्हणावा लागेल.

नाराजीचे सूरही होते. दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणात निम्म्या वाटेवर जुने शीर्षकगीत बाजूला सारून एका आधुनिक रॉक-वृंदाचे गाणे लावले गेले, तेव्हा इसाओ सासाकी यांच्या आवाजावर वाढलेली पिढी उखडली. हा राग आम्हांला समजतो. शीर्षकगीत हे मालिकेचे प्रवेशद्वार असते आणि दार बदलले की घर परके वाटू लागते. दुसरी तक्रार स्त्रियांची संख्या वाढल्याची होती. मूळ कथेत जहाजावर नाव घेण्याजोगी स्त्री एकच, मोरी युकी. नव्या कृतीत वैमानिक, परिचारिका, तंत्राधिकारी अशा अनेक जणी आहेत आणि मूळचा पुरुष वैमानिक यामामोतो इथे तरुणी झाला आहे. या तक्रारीचे आम्ही दोन भाग करू. मानवजातीच्या अखेरच्या मोहिमेवर एकच स्त्री असावी हे १९७४ मध्येही अतर्क्यच होते. तिथे बदल न्याय्य होता. पण या स्त्रियांना घातलेले अंगाबरोबर घट्ट बसणारे गणवेश आणि त्यांच्यावर रेंगाळणारी दृष्टी पाहता, त्यांना जहाजावर घेण्यामागे केवळ समतेचा विचार होता असे मानण्याइतके आम्ही भाबडे नाही. ज्यांनी या दृष्टीवर आक्षेप घेतला त्यांच्याशी आम्ही सहमत आहोत. ज्यांना स्त्रियांचे असणेच खुपले, त्यांच्याशी नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. मूळ मालिकेच्या २४ व्या भागात यामातो गामिलास ग्रहावर अडकते. स्वतःला वाचवण्यासाठी ती आपल्या महातोफेचा मारा करून तिथले ज्वालामुखी जागे करते, आणि शत्रूची राजधानी आगीत नष्ट होते. लढाई संपल्यावर तरुण नायक कोदाई सुसुमु आणि युकी ढिगाऱ्यांवर उभे राहून तो विध्वंस पाहतात. विजयाची तुतारी वाजत नाही. आपल्याप्रमाणेच यांनाही जगायचे होते, लढण्याऐवजी परस्परांवर प्रेम करायला हवे होते, अशा अर्थाचा विलाप कोदाई करतो. पृथ्वीला वाचवायला निघालेल्या हातांनीच एक पृथ्वी संपवलेली असते. बुडालेल्या युद्धनौकेचा पुनर्जन्म दाखवणाऱ्या मालिकेत हा प्रसंग यावा, यातच तिचे मोठेपण आहे. जहाज उठवून गौरव करणे सोपे होते. त्या गौरवाच्या शिखरावर नायकाला गुन्हेगाराच्या जागी उभे करणे अवघड होते, आणि मुलांसाठी म्हणून बनवलेल्या कार्यक्रमाने ते करून दाखवले.

‘२१९९’मध्ये हा प्रसंग नाही. तिथे गामिलासचा अधिपती देस्लर स्वतःच आपल्या राजधानीवर एक प्रचंड अंतराळवास्तू कोसळवू पाहतो, आणि यामातो आपल्या महातोफेने ती हवेतच उडवून शत्रूच्या नगरीतल्या सामान्य माणसांना वाचवते. प्रसंग थरारक आहे, माणुसकीचा आहे, आणि पुढे दोन्ही जगांमध्ये समेट व्हावा यासाठी कथानकाला उपयोगीही आहे. ज्या शत्रूला इतक्या कष्टाने माणूसपण दिले, त्याची राखरांगोळी दाखवणे कर्त्यांना जड गेले असावे. तरीही नेमके इथेच काहीतरी हरवले, असे म्हणणाऱ्या जुन्या चाहत्यांच्या बाजूने आम्ही उभे राहू. शत्रू जितका अधिक माणूस, तितका त्याच्या नाशाचा भार अधिक. नव्या कृतीने माणूसपण वाढवले आणि भार मात्र उतरवून ठेवला. १९७४ चा कोदाई गामिलासींना फारसे ओळखत नव्हता, तरी त्यांच्यासाठी रडला. २०१२ चा कोदाई त्यांना पुष्कळ अधिक ओळखतो. पण त्याला रडण्याचे कारण उरलेले नाही, कारण त्याचे हात स्वच्छ राहिले आहेत.

यावर नव्या कृतीचे चाहते एक प्रत्युत्तर देतात आणि ते वजनदार आहे. ‘२१९९’मध्ये असे उघड होते की पहिल्या भेटीत पहिली गोळी पृथ्वीनेच झाडली होती. वरून हल्ल्याचा हुकूम आला, ओकिता यांनी तो मानण्यास नकार दिला म्हणून त्यांना बाजूला केले गेले, आणि पुढे हे सत्य जनतेपासून दडवले गेले. मूळ मालिकेत पृथ्वी निव्वळ निरपराध होती. म्हणजे अपराधाची जाणीव पुसली गेली असे नसून ती कथेच्या शेवटाकडून आरंभाकडे सरकली, असा हा युक्तिवाद. खेरीज इथली स्टार्शा महातोफेबद्दल यामातोला खडसावते आणि ती तोफ मोहोरबंद करूनच जहाज परत पाठवते. शस्त्राविषयीचा हा संशय मूळ कथेत नव्हता. हे सर्व मान्य. परंतु दोन्ही अपराधांची जात वेगळी आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. हुकूम देणारे कोणी वरचे अधिकारी होते, ही कल्पना युद्धोत्तर समाजांना सोयीची असते. तीत सामान्य सैनिक आणि सामान्य नागरिक फसवले गेलेले ठरतात, दोषी ठरत नाहीत. ढिगाऱ्यावर उभ्या राहिलेल्या तरुणाला ती पळवाट नव्हती. तोफेचा चाप कोणाच्या बोटाखाली होता, हे त्याला ठाऊक होते.

याच दिशेने आणखी एक बदल पाहण्याजोगा आहे, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी झाली नाही असे आम्हांला वाटते. मूळ यामातो खऱ्या जहाजाच्या सांगाड्यात उभारली गेली होती. नव्या मालिकेत जहाज पूर्णतः नवे आहे. शत्रूच्या नजरेतून सुटावे म्हणून त्याला जुन्या सांगाड्याचा केवळ वेष चढवलेला आहे. व्यावहारिक कारण उघड आहे. १९८० च्या दशकात समुद्रतळावरचे अवशेष सापडले आणि १९८५ च्या शोधमोहिमेत खरे जहाज तुटून पडलेले दिसले; १९७४ मध्ये कल्पनेला असलेली मोकळीक उरली नाही. पण अर्थाच्या अंगाने पाहिले तर केवढा फरक पडतो! तीन हजार मृतांची नौका अंतराळात नेणे म्हणजे त्यांची अपूर्ण यात्रा, आणि त्यांच्या युद्धाचे पापही, सोबत नेणे. सांगाडा नुसता वेष झाला की इतिहास हे आवरण ठरते, पहिल्याच भरारीत झटकून टाकण्याजोगे. काही जण या बदलाला सैनिकी गतवैभवापासूनची निरोगी फारकत म्हणतील. आम्हांला मात्र वाटते की भुताला घराबाहेर काढल्याने घर निर्दोष होत नाही. फक्त भुताशी बोलण्याची संधी जाते.

तर्काच्या फटी बुजवण्याचा हव्यास कधीकधी कलेला कसा बाधतो, याचे उदाहरण म्हणजे ओकिता यांचा मृत्यू. मूळ मालिकेत हा वृद्ध कप्तान घराच्या उंबरठ्यावर पोहोचल्यावर एकटा, शांतपणे, समोर दिसणाऱ्या पृथ्वीकडे पाहत मरतो. त्या मृत्यूचा कथानकाला काहीही उपयोग नाही, आणि म्हणूनच तो विसरता येत नाही. नव्या कृतीत युकीला परत जिवंत करण्यात शुद्धीकरणाचे यंत्र थांबते आणि ओकिता यांच्या मृत्यूने ते पुन्हा चालू होते. युकीच्या पुनर्जीवनाला मूळ मालिकेत कारण नव्हते, ते इथे मिळाले. पण त्याची किंमत म्हणून एका निरुपयोगी आणि सुंदर मृत्यूला कामाला जुंपले गेले. शंकानिरसनावर खूश असलेल्या चाहत्याने कधीतरी हा हिशेबही मांडून पाहावा.

तथापि, मूळ म्हणजे पवित्र आणि त्याला हात लावणे म्हणजे विटाळ, या भूमिकेशीही आम्ही सहमत होऊ शकत नाही. एक तर हे मूळ स्वतःच एकजिनसी नाही. १९७८ च्या ‘निरोप, यामातो’ या चित्रपटाच्या शेवटी कोदाई मृत युकीला सोबत घेऊन जहाजासह शत्रूवर झेपावतो आणि सारे संपते. काही महिन्यांतच आलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत त्याच कथेचा शेवट बदलून दोघे जिवंत ठेवले गेले. १९८३ च्या चित्रपटात तर स्वतः ओकिता परत आले, आणि डॉक्टरांचे निदान चुकले होते एवढ्या खुलाशावर प्रेक्षकांची बोळवण झाली. मूळ कर्ता कोण, हा वाददेखील निशिझाकी आणि मात्सुमोतो यांच्यामध्ये न्यायालयापर्यंत गेला होता. ज्या कृतीचे जनकत्व न्यायाधीशांना ठरवावे लागते, तिच्या शुद्धतेची शपथ चाहत्याने घ्यावी, हे जरा अतीच होते.

दुसरे असे की पुनर्निर्मिती मूळ कृतीला उलट प्रश्न विचारू शकते, आणि यामातोच्या बाबतीत तो विचारला गेला आहे. १९७८ च्या चित्रपटाने लाखो तरुणांना रडवले; पण तो शेवट आत्मघाती हल्ल्याचा गौरव आहे, ही टीका तेव्हापासून होत आली आहे. खऱ्या यामातोची अखेरची मोहीम आठवली की ही टीका उडवून लावता येत नाही. ‘२१९९’च्या पुढची ‘२२०२’ ही मालिका २०१७ ते २०१९ या काळात आली. तिने तो आत्मघाताचा प्रसंग टाळला नाही. मात्र कथा तिथे संपवलीही नाही. पृथ्वीचे नागरिक मतदान करतात, आणि शस्त्रास्त्रांचे अपार सामर्थ्य देणारी कालविवराची देणगी सोडून देऊन हरवलेल्या दोन माणसांना परत आणण्याचा कौल देतात. चाहते या शेवटावरून अक्षरशः दुभंगले. अनेकांना तो भाबडा वाटला, अनेकांना जुन्या अश्रूंचा अपमान वाटला. कलाकृती म्हणून ‘२२०२’ विस्कळीत आहे, तिच्यात गर्दी आणि गोंगाट फार आहे, हे आम्हीही म्हणू. परंतु समाजासाठी व्यक्तीने मरावे, या शिकवणीला चाळीस वर्षांनी त्याच कथेच्या पोटातून मिळालेले हे उत्तर आहे : व्यक्तीसाठी समाजानेही काही गमवायची तयारी ठेवावी. हे उत्तर ज्यांना मूळ कथेचा विश्वासघात वाटते, त्यांनी आपण नेमके कशाचे चाहते आहोत हे एकदा तपासून पाहावे.

आमची भूमिका थोडक्यात अशी. पुनर्निर्मितीचे मूल्य तिच्या तपशिलातल्या निष्ठेवर ठरत नाही, तसेच निव्वळ आधुनिकतेवरही ठरत नाही. मूळ कृतीत जो प्रश्न सर्वांत जास्त बोचत होता, तो नव्या कृतीत अधिक बोचरा झाला की बोथट, ही कसोटी आम्ही लावू. या कसोटीवर ‘२१९९’ शत्रूला माणूस करण्यात उत्तीर्ण होते आणि नायकाला निष्कलंक ठेवण्यात मागे पडते. ‘२२०२’ सर्व दोषांसह बलिदानाच्या प्रश्नाला भिडते. २०२४ पासून ‘३१९९’ चित्रपटगृहांत प्रकरणाप्रकरणाने येऊ लागली आणि वादाला नवे इंधन मिळाले. मालिकेपेक्षा वाद अधिक दीर्घायुषी आहे असे दिसते.

ते चांगलेच आहे. ज्या कथेवर तिचे चाहते भांडत नाहीत, ती वस्तुसंग्रहालयात जमा झालेली असते. आमची अपेक्षा एवढीच, की गाण्याच्या आणि गणवेशाच्या भांडणातून थोडा श्वास राखून ठेवावा, आणि ढिगाऱ्यावर उभ्या राहिलेल्या त्या तरुणाला नव्या यामातोवर जागा का मिळाली नाही, याबद्दलही एकदा कडाडून भांडावे.